वापसकाकूंचा कप

वापसकाकू कोणाच्या घरी चहा पीत नसत. चहा आवडत नसे म्हणावं, तर तसंही नव्हतं. भिलाईच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये केव्हाही जा, गॅसवर चहाचं पातेलं असायचंच आणि आलं ठेचल्याचा आवाज फाटकापर्यंत यायचा. पण ज्या घरात त्यांच्या मंडळाची शिलाई मशीन चालू असे, त्या घरात त्यांच्यापुढे कप आला की त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. जणू हातांवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणत, "आज नाही वो बाई. मशीन वापस करशीन ना, त्या दिवशी पितो. दोन कप पितो."

त्यांचं खरं नाव, यमुनाबाई, मंडळाच्या कापडी बॅनरवर होतं. मंडळाचं खरं नावही त्याच बॅनरवर होतं आणि ते इतकं लांब होतं, की कोणी पूर्ण वाचलेलं मला आठवत नाही. विदर्भातून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आलेल्या घरांतल्या काही बायकांनी मिळून ते काढलं होतं. मंडळ कोणाला काही दान देत नसे. मंडळाकडे शिलाई मशिनी होत्या, एक भाजीचा ठेला होता, कोळशाची इस्त्री होती, इडलीचं मोठं भांडं होतं. अडलेल्या घराने त्यातली वस्तू न्यायची, तिच्यावर काम करायचं आणि स्वतःची वस्तू घेण्याइतकं उभं राहिलं की मंडळाची वस्तू वापस करायची. ती मंडळात आणून टाकायची नाही. पुढच्या घरी स्वतः पोचवायची, आणि त्या घराला काम शिकवूनच परत यायचं. काकू हे सांगताना 'वापस' शब्दावर असा जोर द्यायच्या, की बस्तीतल्या पोरांनी त्यांचं नावच वापसकाकू ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. "चांगलं नाव हाये," त्या म्हणायच्या. "यमुनाबाईले पाहून तर कोणी गल्ली सोडून पळत नव्हतं. वापसकाकूले पाहून पळते."

पळायचे हे खरं आहे. काकू दिसायला एवढ्याशा होत्या. त्यांच्या जुन्या स्कूटीवर पुढे पाय ठेवायच्या जागेत पोत्यात गुंडाळलेली मशीन असायची, त्यामुळे दोन्ही पाय दोन बाजूंना काढून, पदरावर हेल्मेट घालून त्या सुपेल्याच्या बाजारातल्या गर्दीतून यायच्या. ट्रकवालेही बाजूला व्हायचे. ते आदराने व्हायचे की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी शाळेत होते. सुपेल्याच्या मागच्या बस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाबा हथखोजला एका लहान कारखान्यात ठेक्यावर काम करायचे. भट्टीतून निघालेलं लोखंड सांडशीने धरायचं आणि ठोकायचं, असं ते काम. त्या वर्षी त्यांच्या कमरेची नस दबली आणि उभं राहणं बंद झालं. ठेक्याचं काम, माणूस आला नाही की दुसरा येतो. आई सेक्टरमध्ये दोन घरची भांडी घासायची, तेवढ्यावर घर चाललं होतं. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कोणी आलं तरी वळायचे नाहीत.

काकू दारातून "जयभीम" म्हणत आत आल्या. त्यांनी काय झालं, कसं झालं, काहीच विचारलं नाही. आईला म्हणाल्या, "हात दाखव."

आईला वाटलं या हात बघून भविष्य सांगतात की काय. तिने घाबरतच उजवा हात पुढे केला.

"दोन्ही दाखव. ह्या हाताले काय काय येते?"

"भांडे घासतो, पोळ्या करतो," आई म्हणाली. "आन् माहेरी मामीच्या मशीनवर झंपर शिवत होतो. लय दिवस झाले."

"हाताले दिवस समजत नाही. एकडाव शिकला तं शिकला." मग त्या खाटेकडे वळल्या. "भाऊ, तुमचे हात?"

बाबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "माह्यी कंबर गेली."

"कंबर गेली हे मले समजलं. मी हात इचारून राहिली."

काकूंनी पुन्हा विचारलं नाही. पण जाताना आईला सांगितलं, "मशीन परवा येईन. दोन खुर्च्या लागतीन, एक नाही."

याच पहिल्या भेटीत तो चहाचा प्रकार झाला. काकू आल्याबरोबर आईने मला मागच्या दाराने शेजारी साखरेला पिटाळलं होतं. मी वाटीभर साखर आणली, आईने चहा केला, घरातल्यातला बिनटवक्याचा कप शोधून त्यात दिला. काकूंनी हात मांडीखाली घातले. आईने पाण्याचा गिलास पुढे केला, तर त्यांनी पिशवीतून स्टीलची बाटली काढली आणि स्वतःचं पाणी प्यायल्या.

त्या गेल्यावर आई बराच वेळ त्या कपाकडे बघत होती. शेवटी बोलली, "परक्यानं नाही म्हटलं असतं तं समजलं असतं. आपल्याच मानसानं?" ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीला शिवू देत नसत, पाणी वरून त्यांच्या ओंजळीत ओतायचे. ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे आमच्याकडे कोणी पाणी नाकारलं की ते फक्त तहान नाही म्हणून नाकारलं, असं पटकन वाटत नाही. आणि इथे तर जात एकच होती. फरक एवढाच, की काकूंचे यजमान प्लांटमध्ये कायम नोकरीवर, रेग्युलर होते आणि आम्ही ठेक्यावाले. आईने धरूनच ठेवलं, की सेक्टरवाल्यांना बस्तीवाल्यांचं पाणी चालत नाही. मशीन आली तेव्हाही काकूंनी बाटली काढली. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र आईच्याने राहवलं नाही.

"काकू, एक इचारू? आमच्या घरचं पाणी कावून पीत नाही तुमी?"

काकू मशिनीत तेल घालत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला.

"तुमी क्वार्टरवाले, आमी बस्तीवाले," आई म्हणाली. "पण जयभीम तं एकच हाये ना?"

मला वाटलं, आता मशीन परत जाते. काकूंनी तेलाची कुपी खाली ठेवली. पिशवीतली बाटली घेतली, बाहेर गेल्या आणि दारातल्या शेवग्याच्या, आम्ही मुनगा म्हणतो त्या झाडाच्या बुडाशी सगळं पाणी ओतून टाकलं. मग आत येऊन रिकामी बाटली आईसमोर धरली. म्हणाल्या, "भर."

आईने माठातून बाटली भरली. काकू उभ्या उभ्याच अर्धी प्यायल्या, तोंड पुसलं आणि खाली बसल्या.

"माह्यं पोट नाजूक हाये म्हणून उकळलेलं आणत होतो. इतके वर्ष घरोघर फिरून राहिली, आन् हे माह्या ध्यानात नाही आलं. कोणी बोललं बी नाही. तू बोलली." मग म्हणाल्या, "पाणी पिईन. पण चाय नाही, सुनंदा. चायची गोष्ट येगळी हाये."

ती वेगळी गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली. त्या लहान असताना गावात त्यांचे वडील आजारी पडले. मदत करणाऱ्या काही बाया घरी येणार होत्या, म्हणून त्यांची आई सकाळपासून साखर मागत फिरली. एकीने नाही म्हटलं, दुसरीने चार शब्द ऐकवून साखर दिली. बाया आल्या, चहा प्यायल्या, छान झाला म्हणाल्या. "मदत करणारा घरी आला का गरिबाचा खर्च वाढते," काकू म्हणाल्या. "माह्या मायनं त्या दिवशी जितकी मान खाली घातली ना, तितकी उपाशी असून बी कधी घातली नव्हती. म्हणून मी ठरवलं. ज्या घरची साखर घरातच असन, तिथंच चाय."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारणीच्या वाटीकडे पाहिलं, ती अजून परत द्यायची होती.

त्या दिवसापासून काकू घरून बाटली रिकामीच घेऊन निघायच्या आणि पहिल्या घरी भरून घ्यायच्या. पोटाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आईच्या मनात मात्र एकच गोष्ट बसली. एक दिवस मंडळाची मशीन वापस करायची आणि काकूंना आपल्या घरचा चहा पाजायचा. आपल्या साखरेचा.

काम मिळालं हातमोज्यांचं. हथखोजच्या कारखान्यांत जाड कापडाचे मोजे लागतात. तळव्याच्या बाजूला दुहेरी कापड लावतात, म्हणून डावा आणि उजवा वेगळा होतो. आईने पहिला मोठा माल मन लावून शिवला. टाके असे बारीक, की काकूंनी दोनदा ओढून पाहिले तरी निघाले नाहीत. पोतं भरलं. काकू ते घेऊन गेल्या आणि तासाभरात पोत्यासकट परत आल्या. आमच्या दारात त्यांनी पोतं टेकवलं, आतून एक मोजा काढून डाव्या हातात घातला. दुसरा काढला, तोही डाव्याच हाताला बसला. तिसरा काढला.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "भिलाईत सगळे डावखुरेच हायेत का वो?"

कापडाची घडी घातली की एक थर डाव्याचा आणि एक उजव्याचा निघतो; आईने कापणी करताना घडी घातली नव्हती. सगळ्या थरांची एकच बाजू वर ठेवून ते एकदम कापले होते. पोतंभर डावे मोजे. आईने तोंडाला पदर लावला. पहिलाच माल, आणि कापड उधारीवर आणलेलं. मशीन वापस करायची गोष्ट दूरच, मशीन काढून नेली तरी काही बोलायला जागा नव्हती.

तेव्हा खाटेवरून आवाज आला. "डावाच पयले जळते."

आम्ही सगळ्या वळलो. बाबा कोपरावर रेटून अर्धे उठले होते. "गरम लोखंड डाव्या हाताच्या सांडशीत राह्यते. हातोडा उजव्यात. डावा मोजा आठ दिवसात जळून जाते, उजवा तसाच राह्यते. जोडी तुटली म्हणून तो बी पडून राह्यते. हरेकाच्या डब्ब्यापाशी उजव्यांचा ढीग असन."

काकूंनी हातातला मोजा काढला. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "म्हंजे तिकडं सगळे उजवे विधुर होऊन बसले हायेत, आन् हिच्यापाशी पोतंभर नवऱ्या!"

आई रडता रडता हसायला लागली. बाबाही हसले. मी त्यांना त्या वर्षात हसताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "काकू, तुमी भट्टीवाल्या पोट्ट्यांना नेऊन दाखवा."

"मी नाही जात," काकू म्हणाल्या. "मले भट्टी समजत नाही. गिऱ्हाइक तुमच्या ओळखीचं, माल तुमचा. मी ऑटो बोलावून देतो. तुमी बसा, पोतं ऑटोवाला उचलीन."

बाबा भिंत धरत उठले, ऑटोत बसले आणि गेले. संध्याकाळी आले तेव्हा पोतं घडी करून काखेत होतं. त्या दिवसानंतर काकूंनी सांगितलेली दुसरी खुर्ची भरली. आई शिवायची. बाबा पाठीला उशी लावून मोज्याचा फर्मा कापडावर ठेवायचे, खडूने आखायचे, कापायचे. घडी घालून. कोणत्या कामाला तळवा जाड हवा, कुठे मनगट लांब हवं, हे त्यांना ठाऊक होतं. माल घेऊन हथखोजला तेच जायचे. आता त्यांना कोणी ठेक्यावाला म्हणत नसे. मोजेवाले भाऊ म्हणत.

काकूंना फोटो खपत नसे. एकदा मंडळाला मशीन देणारे एक साहेब आमच्या घरी आले. चांगले गृहस्थ होते. आईला जणू आत्ताच मशीन देतोय असा आपला एक फोटो व्हावा असं त्यांना वाटत होतं. काकू म्हणाल्या, "हो, हो, घेऊ ना." मग त्यांनी कापडाचं एक टोक साहेबांच्या हातात दिलं, म्हणाल्या, "हे जरा ताणून धरा, भाऊले कापाचं हाये." साहेब ताणून उभे राहिले. बाबांचं कापणं झालं की काकू पुढचा थर द्यायच्या. साहेबांचा घाम कपाळावरून गळत होता, पण काकूंनी त्यांना दम घेऊ दिला नाही. निघताना साहेब म्हणाले, "यह तो मेहनत का काम है।" काकू म्हणाल्या, "जी, अब फोटो लूँ?" त्यांनी नको म्हटलं. पुढच्या वेळी आले तेव्हा स्वतःच बाह्या वर करून बसले.

माझ्यावरही काकूंचा डोळा असायचा. बारावी झाल्यावर मी आईला म्हटलं, की मीही मशीनवर बसते, लवकर होईल. लवकर काय होईल हे सांगायची गरज नव्हती. आईच्या डब्यात नव्या मशिनीसाठी पैसे जमत होते. आमच्या घरात कोणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं आणि मला खरं तर भीती वाटत होती. मशीनवर बसणं सोपं होतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "हात दाखव." मी दाखवले. त्यांनी माझ्या बोटांवरचे पेनच्या शाईचे डाग पाहिले. "ह्या हाताचं काम सुरू हाये. मधात कावून सोडतं?"

प्रवेशाच्या दिवशी त्यांनीच मला स्कूटीवर मागे बसवून नेलं. फाटकापाशी मी थांबले. आतल्या मुली हिंदीत भराभर बोलत होत्या, त्यांना सगळं माहीत असल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, "काकू, तुमी बी चाला ना."

"माह्यी हद्द इथवरच हाये पोरी. मी सातवी शिकली," त्या म्हणाल्या. "तू जा. मी चाय पीत बसतो." आणि फाटकासमोरच्या टपरीवर त्या खरंच चहा घेऊन बसल्या. मी दोनदा वळून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी कप उंच करून दाखवला.

आईच्या डब्यातले पैसे माझ्या प्रवेशाला गेले. आई त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिने डबा धुऊन, पुसून पुन्हा फळीवर ठेवला.

आणि त्याच वर्षी काकूंच्या यजमानांची रिटायरमेंट आली. प्लांटच्या माणसाला माहीत असतं, की क्वार्टर आपलं नाही. तरी ते सोडायचे दिवस आले की अंगणातल्या पेरूच्या झाडाचंही वाईट वाटतं. काकू नागपूरकडे, त्यांच्या गावी, जुन्या घरात राहायला जाणार होत्या. निरोप घेत त्या घरोघर फिरत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा संध्याकाळ होती. आई मशीनवर होती, मंडळाच्याच. काकूंनी मशिनीच्या चाकावरून हात फिरवला.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "टाक चाय. आज पितो."

मला वाटलं आई उडी मारून उठेल. इतकी वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती. घरात साखर होती, दूध होतं, खास काकूंसाठी घेतलेले दोन कप कपाटात कागदात गुंडाळून ठेवले होते. आई उठली नाही.

"नाही काकू," ती म्हणाली. "मशीन आपल्याच घरात हाये अजून."

"अवं, आता मी जाऊन राहिली. नियम माह्याच हाये, मीच तोडतो."

"तुमचा असन. पण आता माह्या बी हाये." आईचे डोळे भरले होते, पण तिने मान खाली घातली नाही. "तशी चाय मले नाही पाजायची. पाणी पिऊन जा."

काकूंनी बाटली पुढे केली. आईने भरून दिली. जाताना दारात त्यांनी मला हळूच म्हटलं, "तुह्यी माय माह्याहून कडक निघाली." त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, आनंदच असावा. कारण स्कूटी सुरू करून त्या निघाल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत गेल्या. समोर कोणी नसताना.

बाबा हे सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते सुपेल्याला गेले आणि भंगारवाल्याकडून एका शिलाई मशिनीचं मुंडकं घेऊन आले. गंजून त्याचं चाकही फिरत नव्हतं. आईने कपाळाला हात लावला. बाबांनी ते खोलून पुर्जे रॉकेलमध्ये भिजत टाकले, घासले, पुसले. जे पुर्जे गेले होते ते सुपेल्याच्या मिस्त्रीकडे बसून शोधले. पाठ दुखली की खाटेवर आडवे व्हायचे आणि पडल्या पडल्या घासायचे. आता त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. मी अभ्यास करता करता विचारायची, "बाबा, चालन का?" ते म्हणायचे, "लोखंड हाये. लोखंडाशी माह्यं जमते."

काकूंच्या सामानाचा ट्रक ज्या दिवशी निघणार होता, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते चाक फिरलं. आईने एक मोजा शिवून पाहिला. उजवा होता. मग तिने मंडळाची मशीन पुसली, तिला जुन्या साडीची नवी खोळ शिवून घातली, आणि आम्ही तिघं ती घेऊन दोन गल्ल्या पलीकडे रामबती दीदीकडे गेलो. रामबती दीदी इकडच्याच, छत्तीसगडच्या. नवरा गेल्यापासून दोन लेकरांना घेऊन एकट्या राहत होत्या. आईने मशीन त्यांच्या घरात ठेवली, त्यांना मोजा शिवायला शिकवलं आणि निघताना दारात रडली. शेजारणी हसल्या, म्हणाल्या, "लेकीची पाठवणी करून राहिली का वो?"

तिथूनच मी काकूंना फोन केला. मी फक्त एवढंच म्हटलं, "काकू, वापस झाली."

सामान बांधायचं टाकून त्या आमच्या घरी आल्या. पदरावर हेल्मेट तसंच. आईने कागदातून कप काढले, धुतले, आलं ठेचलं. काकू खाटेवर बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात, सवयीने, मांडीखाली होते. आईने कप समोर धरला तेव्हा त्यांनी हात काढले. त्यांनी घोट घेतला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"साखर जास्त झाली," त्या म्हणाल्या.

आईचा चेहरा पडला.

"होऊ दे वो. घरची हाये ना." आणि त्यांनी रिकामा कप पुढे केला. "दोन म्हटले होते मी."

काकू गावी गेल्याला आता बरेच दिवस झाले. मंडळ चालू आहे, दुसऱ्या बायका बघतात, आईही बघते. काकूंचा फोन दर रविवारी येतो. आईची तब्येत, बाबांची कंबर, माझी परीक्षा, सगळं विचारून झालं की शेवटी त्या विचारतात, "रामबतीची चाय झाली का?" आई म्हणते, "अजून नाही. पण तिचा हात चांगला हाये." मी हे लिहायला बसले तेव्हा मला वाटत होतं, की काकूंनी आम्हाला काय दिलं ते सांगावं. लिहिता लिहिता लक्षात येतं, की दिलेलं असं काहीच आमच्या घरात नाही. जे होतं ते आम्ही वापस केलं.

मागच्या रविवारी मी आईबरोबर रामबती दीदीकडे गेले. निघताना आईने माझी कॉलेजची पाण्याची बाटली उचलली. भरलेली होती. तिने ती मुनग्याच्या बुडाशी ओतून रिकामी केली आणि पिशवीत टाकली.

रामबती दीदी आम्हाला पाहून गडबडीने उठल्या. पोरीला मागच्या दाराकडे काहीतरी खुणावलं, आणि पोरगी एक वाटी घेऊन निघालीही. "चाय पीहू दीदी?" त्यांनी विचारलं.

"चाय आज नहीं," आई म्हणाली. वाटी घेतलेल्या पोरीला तिने हाताने जवळ बोलावून बसवलं, पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि रामबती दीदींच्या हातात दिली.

"पयले ये भर दे. प्यास लगी है।"